अमेरिकी सैनिकांचे घरखरेदीचे टॅक्स क्रेडिट : परतफेड कोणाला, माफी कोणाला

प्रश्न असा आहे. आपले यजमान अमेरिकी नौदलात होते आणि २००८ ते २०१० या काळात जपानमधील योकोसुका येथील तळावर त्यांची नेमणूक होती. परतल्यावर आपण व्हर्जिनियातील नॉरफोक येथे घर घेतले. १८ एप्रिल २०११ रोजी करार झाला, २२ जून २०११ रोजी घर नावावर झाले आणि प्रथम घर घेणाऱ्यांसाठीचे ८,००० डॉलरचे क्रेडिट, म्हणजे थेट करातून मिळणारी सूट, आपल्याला मिळाले. मार्च २०१४ मध्ये सॅन डिएगोला बदली झाली, म्हणून १५ मार्चला आपण घर सोडले आणि ते भाड्याने दिले. पुढे पर्ल हार्बरला नेमणूक झाली आणि जून २०२४ मध्ये यजमान निवृत्त झाले. आता एका परिचितांनी सांगितले आहे की ते क्रेडिट मुळात बिनव्याजी कर्ज होते आणि दरवर्षी ५०० डॉलर परत करायला हवे होते, शिवाय तीन वर्षांच्या आत घर भाड्याने दिल्यामुळे सगळी रक्कम एकदम भरावी लागेल. हे खरे आहे का, घर विकल्यास काय होईल, आणि सैन्यात नुकत्याच रुजू झालेल्या भाच्याला असे क्रेडिट आज मिळेल का, असे आपण विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो, म्हणजे मनावरचा भार उतरेल. आपल्याला त्या ८,००० डॉलरपैकी एक डॉलरही परत करायचा नव्हता आणि आजही करायचा नाही. आपले परिचित खोटे बोलत नाहीत. ते बहुधा स्वतःच्या घराबद्दल बोलत आहेत आणि त्यांचे घर वेगळ्या कायद्याखाली घेतलेले असावे. मी गेली बावीस वर्षे लष्करी तळांच्या परिसरात करविवरणपत्रे भरण्याचे काम करतो आहे, आणि या एका क्रेडिटने जितक्या कुटुंबांची झोप विनाकारण उडवली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने उडवली असेल. याचे कारण असे की एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या योजना होऊन गेल्या आणि लोकांच्या स्मरणात मात्र एकच नाव उरले.

पहिली योजना जुलै २००८ च्या कायद्याने आली. ९ एप्रिल २००८ पासून त्या वर्षअखेरपर्यंत घर घेणाऱ्याला किमतीच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ७,५०० डॉलर मिळत. नाव क्रेडिट असले तरी ते खरोखरच बिनव्याजी कर्ज होते. २०१० च्या करवर्षापासून पंधरा समान हप्त्यांत ते फेडायचे होते, म्हणजे पूर्ण रक्कम घेणाऱ्याला वर्षाला ५०० डॉलर. तो शेवटचा हप्ता २०२४ च्या करवर्षाचा होता. आपल्या परिचितांनी २००८ मध्ये घर घेतले असेल, तर त्यांच्या तोंडचा ५०० डॉलरचा आकडा तिथून आलेला आहे. फेब्रुवारी २००९ च्या कायद्याने दुसरी योजना आली. मर्यादा ८,००० डॉलर झाली आणि परतफेड रद्द झाली. अट एवढीच राहिली की खरेदीपासून ३६ महिने ते आपले मुख्य राहते घर असले पाहिजे. तिसरा कायदा ६ नोव्हेंबर २००९ चा. त्याने मुदत वाढवून ३० एप्रिल २०१० पर्यंत करार करण्याची सोय दिली आणि जुन्या घरमालकांसाठी ६,५०० डॉलरचे आणखी एक क्रेडिट जोडले. खरेदीच्या दिवसापर्यंतच्या आठ वर्षांत ज्यांनी सलग पाच वर्षे एकाच घरात वास्तव्य केले होते, त्यांच्यासाठी ते होते. क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होण्याची, मुदत आधी ३० जून २०१० होती, ती पुढे ३० सप्टेंबर २०१० करण्यात आली.

सैनिकांचा विचार या तिसऱ्या कायद्यात झाला. सैनिकाला रक्कम जास्त मिळाली, असा समज अनेकांचा आहे; तो चुकीचा आहे. रक्कम सर्वांना सारखीच होती. सैनिकाला जे जास्त मिळाले ते दोन प्रकारचे होते : घर शोधायला एक वर्ष जास्त, आणि आदेश आल्यामुळे घर सोडावे लागले तर माफी. त्या वेळी इराक आणि अफगाणिस्तानात लाखभराहून अधिक अमेरिकी सैनिक होते. कंदाहारच्या छावणीत असलेल्या माणसाने ३० एप्रिलच्या आत नॉर्थ कॅरोलायनातले घर बघून करार करावा, ही अपेक्षाच अन्यायाची होती. म्हणून १ जानेवारी २००९ ते ३० एप्रिल २०१० या काळात किमान ९० दिवस ज्यांनी अमेरिकेबाहेर अधिकृत दीर्घ मुदतीची सेवा केली, त्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना करारासाठी ३० एप्रिल २०११ आणि क्लोजिंगसाठी ३० जून २०११ अशी वाढीव मुदत मिळाली. आपला करार मुदतीच्या बारा दिवस आधी आणि क्लोजिंग आठ दिवस आधी झाले. योकोसुकाची नेमणूक नसती, तर आपले घर या योजनेत बसलेच नसते.

ही वाढीव मुदत कोणाला होती, याबद्दल कायद्याचे शब्द काटेकोर आहेत. गणवेशधारी सेवांचे सदस्य, परराष्ट्र सेवेचे सदस्य आणि गुप्तचर यंत्रणांचे कर्मचारी, एवढेच तिच्यात येतात. गणवेशधारी सेवांत भूदल, नौदल, हवाई दल, मरीन कोअर आणि तटरक्षक दल यांच्याबरोबर सार्वजनिक आरोग्य सेवेचे आणि सागरी-वातावरणीय प्रशासनाचे कमिशनप्राप्त अधिकारीही मोडतात, ही गोष्ट त्या अधिकाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसे. याउलट संरक्षण खात्याच्या खाजगी कंत्राटदारांची माणसे यात नव्हती. कुवेतमध्ये सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून दीड वर्ष काम केलेला एक अभियंता माझ्याकडे आला होता. त्याने २०११ च्या मार्चमध्ये घर घेऊन क्रेडिट मागितले होते, कारण कोणीतरी त्याला ‘परदेशात सेवा’ एवढेच सांगितले होते. त्याला ती रक्कम व्याजासह परत करावी लागली. त्याचे कष्ट सैनिकापेक्षा कमी नव्हते, आणि ते पत्र त्याला वाचून दाखवताना मला फार वाईट वाटले. पण कायदा कष्ट मोजत नव्हता, पद मोजत होता.

भारतात गृहकर्ज घेतलेल्या वाचकांसाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे गृहकर्जाचे व्याज वजा होते तेव्हा उत्पन्न कमी होते आणि त्यामुळे कर थोडा घटतो. क्रेडिट तसे नसते; ते थेट करातून वजा होते. हे क्रेडिट तर पूर्ण परताव्याचे होते, म्हणजे ज्याचा वर्षाचा कर ९०० डॉलर असेल त्याला उरलेले ७,१०० डॉलर सरकारकडून रोख मिळत. युद्धक्षेत्रात असलेल्या शिपायाचा पगार करमुक्त असल्याने त्याचा कर बहुधा शून्याच्या आसपास असतो. ते केवळ वजावटीच्या स्वरूपात असते, तर ज्यांच्यासाठी मुदत वाढवली त्यांच्याच हाती काही पडले नसते. युद्धक्षेत्रातला हा करमुक्त पगार आणि घरभाडे भत्ता उत्पन्नाच्या मर्यादेतही धरला जात नसे. ती मर्यादा तिसऱ्या कायद्यात एकट्या व्यक्तीसाठी १,२५,००० आणि जोडप्यासाठी २,२५,००० डॉलर होती, आणि त्यापुढच्या २०,००० डॉलरमध्ये क्रेडिट घटत घटत शून्य होई. घराची किंमत ८,००,००० डॉलरच्या आत असणे आणि घर अमेरिकेतच असणे या अटीही होत्या. नाशिकला किंवा पुण्याला फ्लॅट घेऊन हे क्रेडिट मागता येत नव्हते. गावाकडे गुंतवणूक म्हणून घेतलेला आणि स्वतः कधी न राहिलेला फ्लॅट असल्यास त्यामुळे अमेरिकेतले क्रेडिट बुडतही नव्हते, कारण पाहिले जात होते ते गेल्या तीन वर्षांतल्या मालकीच्या मुख्य राहत्या घराकडे.

आता आपल्या काळजीच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. घर घेतले जून २०११ मध्ये, ३६ महिने पूर्ण होणार होते जून २०१४ मध्ये, आणि आपण घर सोडले मार्च २०१४ मध्ये. भाड्याने दिलेले घर मुख्य राहते घर राहत नाही. त्यामुळे सामान्य खरेदीदाराला त्या वर्षी संपूर्ण ८,००० डॉलर करात मिळवावे लागले असते. ते घर त्याने परक्याला विकले असते, तर परतफेड विक्रीच्या नफ्यापुरती मर्यादित राहिली असती. भाड्याने देणाऱ्याला तीही सोय नव्हती. आपल्या परिचितांची दुसरी सूचना या नियमावर आधारलेली आहे आणि नियम म्हणून ती बरोबर आहे. मात्र त्याच कलमात सैनिक, परराष्ट्र सेवा आणि गुप्तचर कर्मचारी यांच्यासाठी अपवाद आहे : सरकारी आदेशाने आलेल्या अधिकृत दीर्घ मुदतीच्या सेवेमुळे घर विकावे किंवा सोडावे लागले, तर परतफेड माफ. आदेश जोडीदाराच्या नावाचा असला तरी चालतो. दीर्घ मुदत म्हणजे ९० दिवसांहून अधिक किंवा बेमुदत नेमणूक, आणि नेमणुकीचे ठिकाण घरापासून किमान ५० मैल दूर हवे किंवा आदेशानुसार सरकारी निवासात राहणे भाग असले पाहिजे. नॉरफोकहून सॅन डिएगो म्हणजे देशाचा एक किनारा सोडून दुसरा किनारा. ५० मैलांचा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

लक्षात घ्यावे की ही माफी मिळण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नव्हती. वाढीव मुदतीसाठी परदेशातील ९० दिवस हवे होते. माफीसाठी देशातल्या देशात झालेली बदलीही पुरेशी होती. या दोन अटींची सरमिसळ मी अनुभवी सल्लागारांकडूनही झालेली पाहिली आहे, आणि तिच्यामुळे टेक्सासहून कॅन्सासला बदली झालेल्या एका सार्जंटने नाहक ८,००० डॉलर भरले होते. सुदैवाने तीन वर्षांच्या आत ते लक्षात आले, आणि सुधारित विवरणपत्र भरून आम्ही ती रक्कम व्याजासह परत मिळवली.

२०१४ च्या विवरणपत्राबरोबर आपण या क्रेडिटसाठीचा फॉर्म ५४०५ जोडून त्यातल्या सैनिकांसाठीच्या ओळीवर खूण करायला हवी होती. आपण तो जोडला नव्हता, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. ही उणीव आहे. परंतु तिच्यामुळे कोणताही कर निघत नाही, आणि इतक्या वर्षांनी केवळ त्यासाठी सुधारित विवरणपत्र भरण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याऐवजी मार्च २०१४ चा बदलीचा आदेश, क्लोजिंगच्या वेळचे हिशेबपत्रक आणि योकोसुकाच्या नेमणुकीचा आदेश, हे तीन कागद एकत्र ठेवावेत. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर विभागाकडून, कधी विचारणा झालीच, तर या तीन कागदांसह एका पानाचे उत्तर पुरते. तोंडी स्पष्टीकरण देत बसू नये. आदेशाच्या प्रतीइतके स्पष्ट बोलणारे दुसरे काही नाही.

विक्रीचा प्रश्न आपण ओघात विचारला आहे, पण माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत मोठ्या रकमेचा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. राहते घर विकल्यावर एकट्या व्यक्तीला २,५०,००० आणि जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. अट अशी की विक्रीच्या दिवसापूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे त्या घरात राहिलेले असावे. आपण २०१४ पासून तिथे राहत नाही, त्यामुळे साधा हिशेब केला तर ही सवलत केव्हाच हातची गेली आहे. मात्र अधिकृत दीर्घ मुदतीच्या सेवेवर असलेल्यांना या पाच वर्षांचे घड्याळ जास्तीत जास्त दहा वर्षे थांबवता येते. यजमान १५ मार्च २०१४ पासून निवृत्तीपर्यंत सॅन डिएगो आणि पर्ल हार्बर येथे होते. दोन्ही ठिकाणे घरापासून हजारो मैल दूर असल्याने दहा वर्षांची पूर्ण सूट आपल्याला मिळते. म्हणजे पाच वर्षांऐवजी पंधरा वर्षे मागे पाहता येते.

आता तारखा मोजू. आपल्या वास्तव्यातली शेवटची दोन वर्षे १५ मार्च २०१२ ते १५ मार्च २०१४ ही आहेत. ती संपूर्णपणे पंधरा वर्षांच्या चौकटीत राहण्यासाठी विक्री १५ मार्च २०२७ च्या आत पूर्ण व्हायला हवी. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक वास्तव्याचा एक दिवस चौकटीबाहेर पडेल, दोन वर्षे भरणार नाहीत आणि संपूर्ण नफा करपात्र होईल. केवळ करारावर सही पुरेशी नाही, क्लोजिंग त्या तारखेच्या आत हवे. म्हणून मी आपल्या जागी असतो, तर २०२६ च्या उन्हाळ्यापलीकडे घर बाजारात आणण्याचे लांबवले नसते. भाडेकरूच्या कराराची मुदतही त्यानुसार पाहावी. घड्याळ थांबवण्यासाठी वेगळा अर्ज नसतो. विक्रीच्या वर्षाच्या विवरणपत्रात नफा वगळून दाखवणे हीच निवड समजली जाते. ही सोय एका वेळी एकाच घरासाठी वापरता येते, म्हणून सॅन डिएगोत आपण दुसरे घर घेऊन विकले असल्यास आणि त्यावेळी ही सोय वापरली असल्यास मला अवश्य कळवावे, कारण मग वरचा हिशेब बदलेल.

एका भागावर कर लागेलच. घर भाड्याने असताना त्यावर साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबाने घसारा, म्हणजे घराच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, आणि विक्रीच्या वेळी त्या घसाऱ्याइतका नफा करमुक्त होत नाही. त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर बसतो. येथे अनेकजण फसतात. ‘मी घसारा घेतलाच नाही, मग कर कसला?’ असे ते म्हणतात. परंतु कायदा घेतलेला घसारा पाहत नाही, घेता येण्यासारखा होता तो पाहतो. आपण तो घेतला नसेल, तर तो विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या वर्षी फॉर्म ३११५ भरून वसूल करता येतो, आणि ते न करणे म्हणजे न मिळालेल्या सवलतीवर कर भरणे होय. दिलासा एका गोष्टीचा आहे. माफ झालेले ८,००० डॉलर या नफ्याच्या हिशेबात खरेदी किमतीतून वजा करायचे नसतात. ती वजावट केवळ परतफेडीची मर्यादा काढण्यापुरती होती.

भाच्याबद्दल स्पष्टच सांगतो. केंद्र सरकारचे असे क्रेडिट आज अस्तित्वात नाही. २०२१ मध्ये १५,००० डॉलरच्या क्रेडिटचे विधेयक मांडले गेले आणि २०२४ मध्ये बायडेन प्रशासनाने १०,००० डॉलरचा प्रस्ताव ठेवला. दोन्हींचा कायदा झाला नाही. तरीही ‘सैनिकांसाठी १५,००० डॉलर’ अशा जाहिराती फिरतात. तिथे त्याने आपला सोशल सिक्युरिटी क्रमांक टाकू नये.

त्याच्यासाठी खरी सवलत कर्जात आहे. सलग ९० दिवस सक्रिय सेवा झाली की माजी सैनिक व्यवहार विभागाच्या हमीचे कर्ज, ज्याला सगळे व्हीए लोन म्हणतात, त्याच्या आवाक्यात येते. त्यात डाउन पेमेंट लागत नाही, मासिक कर्जविमाही नसतो, आणि पूर्ण पात्रता असलेल्यांसाठी २०२० पासून रकमेची मर्यादाही उठली आहे. बँक उत्पन्न पाहून देईल तेवढे. त्यापोटी एक निधी शुल्क असते. पहिल्या वेळी आणि डाउन पेमेंट नसल्यास ते २.१५ टक्के आहे, म्हणजे ४,००,००० डॉलरच्या कर्जावर ८,६०० डॉलर. ते कर्जात मिळवता येते, पण मग त्यावर तीस वर्षे व्याजही जाते, हे त्याने विसरू नये. सेवेतील अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्यांना आणि सक्रिय सेवेतील पर्पल हार्टच्या, म्हणजे युद्धात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पदकाच्या, मानकऱ्यांना हे शुल्क माफ असते. घर घेतल्यावर तो तैनातीवर गेला आणि पत्नी तिथे राहिली, तर स्वतः राहण्याची अट तिच्या वास्तव्याने पूर्ण होते. क्लोजिंगच्या दिवशी तो बाहेर असणार असेल, तर त्या घराचा पत्ता आणि व्हीए कर्जाचा उल्लेख असलेले स्वतंत्र वटमुखत्यारपत्र आधीच करून ठेवावे. सर्वसाधारण मुखत्यारपत्र बँका ऐनवेळी नाकारतात. लष्करी तळावरच्या विधी कार्यालयात ते विनामूल्य करून मिळते.

क्रेडिट म्हणावे असे एकच उरते, ते म्हणजे मॉर्गेज क्रेडिट सर्टिफिकेट. ते राज्याच्या किंवा स्थानिक गृहनिर्माण संस्थेकडून, कर्ज होण्याच्या आधी घ्यावे लागते, आणि सगळीकडे उपलब्ध नसते. त्यामुळे दरवर्षी भरलेल्या व्याजाचा ठरावीक टक्का थेट करातून वजा होतो. तो टक्का २० पेक्षा अधिक असेल तर वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा लागते. प्रथम घर घेणाऱ्यांचीच अट येथे असते, पण सेवेतून सन्मानाने निवृत्त झालेल्यांना एकदा त्यातून सूट मिळते. हा मुद्दा भाच्यापेक्षा आपल्याच उपयोगाचा आहे : नॉरफोकचे घर विकून आपण दुसरे घेणार असाल, तर उत्पन्नाच्या आणि किमतीच्या स्थानिक मर्यादेत बसत असल्यास यजमानांच्या नावे त्याची चौकशी करावी. ते घर नऊ वर्षांच्या आत विकल्यास काही भाग परत द्यावा लागू शकतो, एवढे आधीच ध्यानात असू द्यावे.

आपण मला २०१४ पासूनची विवरणपत्रे, विशेषतः घसाऱ्याचे तक्ते, आणि घरात केलेल्या मोठ्या दुरुस्त्यांच्या पावत्या पाठवल्या, तर विक्रीवर नेमका किती कर बसेल याचा आकडा मी काढून देईन. नवे छप्पर किंवा नवी वातानुकूलन यंत्रणा बसवली असेल, तर त्याच्या पावत्या आधी शोधाव्यात, कारण त्या रकमा खरेदी किमतीत मिळवल्या जातात.